न्यूयॉर्क ते भिंगार

भिंगारमध्ये कुणी गेलं आणि त्याचं लेकरू परदेशात असलं की पहिला फोन जायचा गोरक्षनाना ठुब्यांना. लष्कराच्या वर्कशॉपात तीस वर्षं फ्रीज दुरुस्त करून नाना निवृत्त झाले आणि गार शवपेटी घरोघर पोचवू लागले. कोण गेलं हे ते मागून विचारत, आधी विचारत, "पोरगं कुठं हाय?" लंडन म्हटलं की मुंबईपर्यंत नऊ तास. न्यूयॉर्क म्हटलं की साडेबारा हजार किलोमीटर, पंधरा तास. वर विमानतळाचा एक आणि मुंबईपासून इथवरचे सहा. स्वतः विमानाची पायरी चढले नव्हते, पण तास कधी चुकला नाही. "घाई करू नका, तोंड दिसंल पोराला," असं छातीठोक सांगायचे.

त्या मंगळवारी सकाळी नऊला त्यांच्याच लेकीचा, संस्कृतीचा, न्यूयॉर्कहून फोन आला.

"पप्पा, विमानात बसले. आईला काय झालंय? नुसतं ये म्हणाली."

नाना उडालेच. बनूबाई तर समोर मेथी निवडत बसलेल्या, चांगल्या धडधाकट.

"तू बोलवलंस तिला?"

"व्हय. पहाटं पेटी पुसत हुते. वायर लावल्याली न्हाई, तरी काच आतनं धुरकाटल्याली. मग आत दिसलं. मीच निजल्याली, कपाळाला मळवट."

"तुझंच तोंड पडलं असंल काचंवर."

"माझं डोळं उघडं हुतं, अवो. आतलीचं मिटल्यालं." बनूबाईंनी जुडी खाली ठेवली. "लई आया ठेवल्या तुमी पोरांसाठी. काचंवर हात ठिवून रडत्यात बिचारी. माझ्या पोरीनं मला हात लावावा, बास."

नाना रागावले, हसले, शेवटी डॉक्टर घेऊन आले. डॉक्टरला काही सापडलं नाही. पण दुपारी बनूबाईंचे पाय गार पडले, मग हात. दवाखान्याची गाडी दारात आली तरी त्या उठेनात. पोरगी घरी येणार आणि मी तिकडं का, म्हणाल्या. नानांनी रजया टाकल्या, तळवे चोळले, शेगडी पेटवली. जन्मभर गारवा सांभाळलेल्या माणसाला ऊब काही धरून ठेवता येईना. त्यांना रडू फुटलं.

संध्याकाळी सहाला बनूबाईंनी विचारलं, "आजून किती तास?"

नऊ तास झाले होते, तेरा उरले होते. एवढे ऐकून ही धीर सोडील, असं नानांना वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तास खोटे सांगितले.

"सा. फकस्त सा."

बनूबाईंचा चेहरा उजळला. "सा ना? मग सा तास थांबते," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

नानांना आपली चूक उमगली. ते वाकले, बनूबाईंच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, "बनू, तेरा! तेरा तास हायेत गं, तेरा!"

बनूबाई गाढ झोपल्या होत्या.