सरकारसाठी राखलेलं बोट

सुशिलाबाई सगळी कामं नऊ बोटांनी करतात. डाव्या हाताचं, करंगळीच्या शेजारचं दहावं बोट त्यांनी सरकारसाठी राखून ठेवलं आहे. त्यावर चिंधी गुंडाळलेली असते. भांडी घासताना, शेण कालवताना, भाताच्या बांधीत रोपांची रोवणी करताना ते रुसलेल्या पाहुण्यासारखं बाजूला उभं असतं. बाया हसतात, त्या हसू देतात.

गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीच्या अलीकडच्या गावात त्या एकट्या राहतात. नवरा केवलराम जाऊन सहा वर्षं झाली. पन्नास वर्षं चिखलात धान रोवून अंगठ्याच्या रेषा पार झिजल्या, म्हणून रेशन दुकानातलं मशीन त्यांना ओळखेना. दुकानदार चंद्रकुमारने बोटं ओल्या फडक्याने पुसून पाहिली, डोक्याच्या तेलकट केसांवर घासायला लावून पाहिली. मशीनचा दिवा आपला लालच. जुलैअखेर ई-केवायसी झाली नाही तर कार्डावरचं नाव कटेल, असं त्याने सांगून टाकलं. ज्या बाईचे पाच पिढ्यांचे सोयरे तो जाणतो, ती बाई तीच आहे हे मशीनला पटवणं काही त्याच्या हातात नव्हतं.

उपाय सुशिलाबाईंनी स्वतःच काढला. पडीक ठेवलेल्या बांधीत गवत येतं, तशा रिकाम्या ठेवलेल्या बोटावर रेषा येतील. कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर चार जणांनी पाच कागद आणायला सांगितले असते.

पण खरी गोष्ट तांदळाची नव्हती. तांदूळ घरचाच होता. मुलगा हेमेंद्र गोंदियाजवळ कुडव्याला राहतो, फरशी बसवायचे ठेके घेतो. माणसं लावायची आणि उभं राहून काम करून घ्यायचं, असं त्यानेच आईला सांगितलेलं. आईने आता कुडव्याला यावं म्हणून तो मागे लागला होता. अंगठ्याचं कळल्यावर त्याने फोनवर शर्तच घातली. बोट लागलं तर राह तिथं, नाही लागलं तर सामान बांध. सुशिलाबाई हो म्हणाल्या आणि मग घाबरल्या. मागे कुडव्याला त्या अकरा दिवस राहिल्या होत्या. सून रुची चांगली, नातवंडं चांगली. फक्त करायला काही नव्हतं, आणि करायला काही नसलं की सुशिलाबाईंना आपण आजारी आहोत असं वाटतं.

वीस जुलैला हेमेंद्र मोटारसायकलवर आला. दोघं दुकानात गेले. सुशिलाबाईंनी चिंधी सोडली. पहिल्यांदा मशीन लाल झालं. दुसऱ्यांदा हिरवं. चंद्रकुमारने झालं म्हणून सांगितलं तेव्हा त्या तिथल्याच पोत्यावर बसल्या. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता.

हेमेंद्रचं नावही अजून याच कार्डावर होतं. आलाच आहेस तर तुझंही करून घे, असं चंद्रकुमार म्हणाला. हेमेंद्रने अंगठा ठेवला. लाल. दुसरा अंगठा, मग एकेक करून दहाही बोटं. सगळी लाल.

सुशिलाबाई उठल्या आणि त्यांनी मुलाचा हात हातात घेतला. हाताची पारख त्यांना मशीनपेक्षा जास्त. बोटांची टोकं पांढुरकी, गुळगुळीत, सिमेंटने खाल्लेली होती. उभं राहून काम करून घेणाऱ्याचा हा हात नव्हता.

"तुही माणसं कुठं गेली?"

"दोन वर्षं झाली. मीच फरशी बसवून राहिलो."

"मले काऊन नाई सांगतलं?"

चंद्रकुमार उगाच वजनकाटा पुसत राहिला.

महिना संपायला अकरा दिवस होते. हेमेंद्रने दहा दिवस इथंच राहायचं आणि एकाही बोटाला काम लावायचं नाही, असं सुशिलाबाईंनी ठरवून टाकलं. कुडव्यात एका घराची फरशी अर्धी झालीय, असं हेमेंद्र पुटपुटला. अर्धीच राहू दे, त्या म्हणाल्या आणि रुचीला फोन करायला लावला.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या बांधीची रोवणी होती. हेमेंद्र चिखलात उतरायला निघाला तर त्यांनी उतरू दिलं नाही. तो बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसला. त्या वाकून रोवत होत्या, ओळीमागून ओळ. बराच वेळ त्याने पाहिलं.

"माय, एकटीनं होते का एवढं?"

"होते," त्या म्हणाल्या. चार रोपं लावली आणि वर न बघताच विचारलं, "अन् तुह्याच्यानं, तिकडं?"

हेमेंद्रने हाताकडे पाहिलं.

"नाई होत, माय."