नाकावरचा साचा

मी हमरापूरचा. जन्म गणपतीच्या कारखान्यात गेला. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा लिहिण्यात चुका सापडल्या तर सापडू देत. मला सांगायचंय ते माझ्या मुलीबद्दल.

झोपेत माझा श्वास थांबतो. मला ते कधी कळलंच नाही, कळायचं बायकोला. घोरणं मध्येच बंद पडलं की ती कोपर मारायची. "अवो, श्वास घ्या!" मी चिडायचो, पुन्हा घोरायला लागायचो, मग ती झोपायची. असा संसार केला तिने, आणि सकाळी माझ्या आधी उठून भाकऱ्याही भाजल्या. गेल्या वर्षी ती गेली. कोपर मारायला कोणी उरलं नाही.

मुलगी रोह्याजवळ वरसे गावात दिलेली. आईच्या दिवसांना ती माझ्याकडे राहिली, तेव्हा तिने माझं श्वास अडकणं ऐकलं आणि घाबरली. दिवसाही मी मूर्तीचे डोळे आखता आखता डुलक्या घेत होतो. डॉक्टरने तपासणी करून सांगितलं, रात्री नाकात हवा सोडणारं मशीन लावून झोपा, नाहीतर हृदयावर येईल.

मुलगी म्हणाली, "मशीन लावा, नायतर कपडे भरा आणि वरसेला चला."

जावयाचं घर चांगलं आहे. पण तिथे माझ्या बायकोचं काहीच नाही. म्हणून मी मशीनला हो म्हटलं.

पेणला रामवाडीतल्या दुकानातून एक मशीन वापरून बघायला घरी आणलं. त्याची नळी पुढे नाकासमोर, आणि नाकातोंडावर बसणारा मास्क. आमच्या धंद्यात साचा जेवढा आवळून बांधाल तेवढं चांगलं, ढिला राहिला की माल गळतो. मी मास्कचे पट्टे तसेच आवळले. तरी हवा फुसफुस करत डोळ्यात जायची. मी अजून आवळलं. चार दिवसांत नाकावर जखम. मी मशीन पिशवीत भरलं आणि मुलीला फोन केला, "मला नाय जमत. ने तुझ्याकडे."

ती आली, माझं नाक बघितलं आणि हसतच सुटली. "बाबा, तुम्हाला काय प्लास्टरात ओतायचं होतं काय?"

मला वाटलं आता कपडे भरायला लावते. तिने मला दुकानात नेलं. तिथल्या कॉटवर भर दुपारी, लोक येत-जात असताना, ती स्वतः मास्क लावून आडवी झाली. एक झाला, दुसरा झाला. लेकराला दूध द्यायच्या आधी आई हातावर थेंब टाकून बघते तसं. मी बाजूला उभा, तिची चप्पल सांभाळत.

"आवळायचं नाय, बाबा. रबराची कड हवेने फुगली पायजे, मगच ती गालाला बसते. तुम्ही ती चेपून टाकली." मग दुकानदाराला म्हणाली, "नुसता नाकाचा द्या, नळी डोक्यावरून येणारा. हे डाव्या कुशीवरच झोपतात."

हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. डावीकडे तिची आई झोपायची.

तोच घेतला. मशीन लहान, आवाज पंख्यापेक्षा कमी. हवा आधी हळू येते, डोळा लागला की जोर धरते. आता मूर्तीचे डोळे आखताना माझी मान पडत नाही.

मी कसा झोपलो ते मशीन कळवतं, मुलीला सकाळी मोबाईलवर दिसतं. परवा सर्दीचं निमित्त करून मी मास्क काढला, तर माझा चहा व्हायच्या आत फोन.

"रात्री काढलात ना? आज लावा, नायतर गाडी घेऊन येते न्यायला."

"ये की. येताना वालाच्या शेंगा आण."

"शेंगा आणीन आणि तुम्हाला घेऊन जाईन."

आईसारखीच आहे, ऐकून घेत नाही. त्या रात्री सर्दीसकट मास्क लावला, पट्ट्याखाली बोट जाईल इतका ढिला, आणि डाव्या कुशीला वळलो.