जाऊन येऊ काय?

बहारीनमधल्या आमच्या ऑफिसात रत्नागिरीकडचे एक क्लार्क आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. खुर्चीच्या अगदी टोकावर बसतात, कुणी केव्हाही उठवेल अशा बेताने. बोलणं मात्र ऐसपैस. खाडीतल्या मासळीवर आले की थांबत नाहीत. फक्त मॅनेजरचं दार वाजलं की वाक्य तिथेच तुटतं.

गेल्या वर्षी मॅनेजरने नियम काढला: जागेवरून उठलात की वेळ लिहायची, परत आलात की पुन्हा लिहायची. बाथरूमला गेलात तरी. त्याचा तक्ता मीच करून दिला, चांगला नीटनेटका. तेव्हापासून चाचा पाणी कमी पितात. विचारलं तर म्हणतात, "खलास, सवय झाली."

परवा शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांना रिफा भागातल्या आमच्या घरी जेवायला बोलावलं. सोलकढी दोन ग्लास प्यायले. गप्पा रंगात आल्या आणि ते एकदम उभे राहिले.

"साहेब, बाथरूमला जाऊन येऊ काय? लगेच येतो."

बायको हसली. तिला ती गंमत वाटली.

"अहो चाचा, घर आहे हे," मी म्हटलं.

ते ओशाळून गेले. परत आले तेव्हा माझी नजर, का कोण जाणे, भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. त्यांनी ती पाहिली.

"चारच मिनिटं झाली, साहेब."