अध्यक्ष रेमी गिड्री

रेमी गिड्री त्या वृद्धाश्रमात आला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. त्याच्यानंतरची सगळ्यात तरुण व्यक्ती एकाहत्तरची. अफगाणिस्तानात गाडीखाली सुरुंग फुटून त्याच्या डोक्याला मार बसला होता. डावं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. लष्करी इस्पितळाने वर्षभर ठेवून घेतलं. मग लुइझियानात त्याच्या गावाजवळ जागा शोधली, ती हीच मिळाली. आईला एकटीने त्याला उचलणं जमण्यासारखं नव्हतं.

इथे रात्रीचं जेवण साडेचारला आणि सातला दिवे बंद. व्यायाम करून घेणारी बाई आधी आठवड्यातून तीनदा यायची, मग एकदा, मग यायचीच बंद झाली. 'आणखी सुधारणा अपेक्षित नाही,' असा शेरा कागदावर होता. तो वाचून रेमी तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

त्याला उठवलं मिस ओडीलने. वय अठ्ठ्याऐंशी, चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढलेलं, त्यामुळे सगळं गाव त्यांच्या धाकात. पत्त्यांच्या डावातला त्यांचा चौथा गडी नुकताच वारला होता.

"डाव्या हातात धर पत्ते," त्या म्हणाल्या.

"पडतात."

"पडू देत. तुझे पत्ते दिसले तर आमचाच फायदा."

पहिला महिना रेमी रोज हरला आणि रोज हसला. दुसऱ्या महिन्यात पत्ते पडेनासे झाले. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की तो कागद खोटं बोलत होता.

आश्रमात राहणाऱ्यांचं एक मंडळ होतं. त्याच्या बैठकीत बहुतेक खिरीच्या गोडीवरच वाद व्हायचे. मिस ओडीलने अध्यक्षपदासाठी परस्पर रेमीचं नाव दिलं. तो कासावीस झाला. "मला... बोलायला... वेळ लागतो."

"मग? आम्हाला कुठे गाडी गाठायचीय?"

अडतीसपैकी एकतीस मतं त्याला पडली. रेमीने नियमांचं पुस्तक मागवून घेतलं, व्यायाम पुन्हा सुरू करा म्हणून उजव्या हाताने अर्ज लिहिले, आश्रमांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी बाईंना बैठकीला बोलावलं. आश्रमाच्या व्यवस्थापकांनी नकार देत तो शेरा वाचून दाखवला, तेव्हा रेमीने डावा हात वर केला. पाच पत्ते, पंख्यासारखे उघडलेले.

"अपेक्षित नव्हती," तो म्हणाला. "झाली."

व्यायाम पुन्हा सुरू झाला, त्याचा आणि आणखी अकरा जणांचा. फॉन्टेनो नावाचे चौऱ्याऐंशी वर्षांचे म्हातारबा दोन वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभे राहिले आणि सगळ्यांना शिव्या देत खिडकीपर्यंत गेले. जेवण साडेचारचं सहावर आलं.

सरकारी बाई मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. या वयाच्या मुलाची जागा इथे नाहीच, असं त्यांनी वरपर्यंत लिहिलं. दीड वर्ष कागद फिरले. मग तीन जखमी सैनिकांसाठी एक घर उघडलं. मदतनीस दिवसरात्र, दाराशी चाकांच्या खुर्चीसाठी उतार, आणि खोलीची किल्ली रेमीच्या खिशात.

निघायच्या दिवशी मंडळाने नाच ठेवला. अकॉर्डियन वाजवायला म्हातारबांचा नातू आला. रेमी आणि मिस ओडील, दोघांच्या चाकांच्या खुर्च्या एकमेकींभोवती फिरल्या, दोनदा आदळल्या. रेमीला इतकं हसू फुटलं की आईने येऊन त्याचे डोळे पुसले.

"आता अध्यक्ष कोण?" दम खात त्याने विचारलं.

"निवडणूक पुढच्या मंगळवारी आहे," मिस ओडील म्हणाल्या. "पंचवीस मतं माझी पक्की झालीत. उरलेल्यांशी जेवणाआधी बोलते."