विसाव्याला ठेवलेला उतार

माझं माहेर भोंगवलीचं. ज्वारी-बाजरीपलीकडे मला शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. लग्न होऊन वेल्ह्याच्या डोंगरात आले, तेव्हा तिथली शेती मला मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी शिकवली. उतारावर पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी कारळा. मग सात वर्षं तिथं पाऊल ठेवायचं नाही, झुडपं वाढू द्यायची. "बाळंतिणीला लगीच कामाला लावत्यात व्हय?" असं ते म्हणायचे. एवढं शिकून मी स्वतःला मोठी शहाणी समजायला लागले.

ही पहिल्या जर्मन लढाईच्या आधीची गोष्ट. एका दुपारी इंग्रज सरकारचा कारकून नकाशा घेऊन आला. घरची सगळी खळ्यावर होती. आमच्या सगळ्यांत मोठ्या उताराकडे बोट करून त्याने विचारलं, "इथे काही पिकवता?"

"न्हाई जी. चार वर्सं झाली, इसावा दिलाय त्याला. आनखी तीन वर्सांनी नाचनी पेरायची."

त्याने पहिला शब्द तेवढा लिहून घेतला. वर मी त्याला ताकही दिलं!

पुढे चावडीवर कागद लागला. पीक नसलेले उतार सरकारी जंगलात गेले, त्यात आमचाही गेला. मी मामंजींना सगळं सांगितलं आणि रडले. ते म्हणाले, "मला इचारलं असतं तर म्याबी हेच सांगितलं असतं." त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोन लहान उतार उरले होते. तेही जातील या धास्तीने मामंजींनी दरसाल दोन्हींवर नाचणी पेरली. विसावा नाही, काही नाही. मी एकदा बोलले तर माझ्यावरच खेकसले. दर पावसाळ्यात लाल पाणी ओढ्याला जायचं. तिसऱ्या वर्षी खालचा खडक दिसायला लागला. समोर सरकारच्या उतारावर झुडपं माणसाच्या वर गेली होती. त्याची सात वर्षं त्याच साली भरली.

त्याच साली कारकून पुन्हा आला. खडकांच्या फटींत नाचणीची थोडी खुरटी ताटं उभी होती. त्याने विचारलं, "इथे पिकवता?"

"व्हय, दरसाल," मी मोठ्याने म्हणाले.

त्याने लिहून घेतलं आणि जमीन आमची राहिली. मामंजी शेजारीच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.