चहात भिजवलेली घड्याळं

लोणावळ्याच्या बाजारात सोपानचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, पण दुरुस्ती नावालाच. नवी घड्याळं जुनी करून बंगलेवाल्यांच्या गळ्यात मारायची, हा खरा धंदा. नंदाबाईला नवऱ्याच्या या कलेची शिसारी यायची. तो तिच्याच चुलीवर चहाचा काढा करून त्यात तबकड्या पिवळ्या करायचा, काचेभोवतीच्या पितळी कड्या मिठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळून राखेत पुरायचा, आणि वर मिशीला पीळ देत म्हणायचा, "जुनं काय असतं ते मला विचारा!"

तिचे वडील गेणूआबा घाटात रेल्वेच्या रुळांवर राबले. ते गेले, तेव्हा त्यांनी हयातभर मनगटावर वागवलेलं घड्याळ तिच्याकडं आलं. बंद पडलं होतं, म्हणून तिनं ते सोपानला दिलं. त्यानं भिंगातून पाहिलं आणि नाक मुरडलं.

"तुझ्या बापाला कुणीतरी फसवलं. खऱ्या जुन्या तबकडीवर डाग असा पडत न्हाई. थांब, नीट जुनं करून देतो."

आणि त्यानं तबकडी काढून गार काढ्यात टाकलीसुद्धा.

नंदाबाईनं ती बाहेर काढून पदरानं पुसली. मग उरलेला काढा तिनं त्याच्या डोक्यावर उपडा केला.

"आता राखेत जाऊन बसा," ती म्हणाली. "तुमी तरी जुने-जाणते दिसाल."