न सांगितलेल्या चार ओळी

माझ्या थोरल्या भावाला छापखान्यात सगळे भिंगरी म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण त्याला ठाऊक आहे. एका जागी बसणं त्याच्या स्वभावातच नाही. सुट्टीच्या दिवशी मी शिवणाचा डबा उघडला की हा बटणं निवडायला घेतो. दोन भोकांची इकडे, चार भोकांची तिकडे. निवडून झाली की परत एकत्र करतो आणि पुन्हा सुरू. आई म्हणायची, याला रिकामा बसवलात तर हा भिंतीचे पोपडे काढेल. एकदा काढलेही होते.

एकाच ठिकाणी हा माणूस तासन्‌तास हलत नाही, ते म्हणजे खिळ्यांच्या केससमोर. चाळीस वर्षं झाली. चारशेच्या वर खण आहेत त्या केसमध्ये आणि प्रत्येक खणात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ बसवायची कडा असलेली छोटी पट्टी, धरायची आणि उजव्या हाताने एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. ती अंगठ्याला लागली की खिळा सरळ आहे हे कळतं, बघावं लागत नाही. दादाची नजर तर भलतीकडेच असते. बघायला येणारे तोंडात बोट घालतात, म्हणतात, "न बघता जुळवतात हो हे."

त्यांना काय सांगणार, दादाला दिसतच नव्हतं.

मी त्याच छापखान्यात बांधणीला आहे. कागद दुमडायचे, शिवायचे, चिकटवायचे. दोन वर्षांपूर्वी घरी माझ्या लक्षात आलं की हा कप ठेवण्याआधी टेबल चाचपतो. ओढतच नेला डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, उरलंय ते जपा. रोज थेंब घाला. येताना भर रस्त्यात दादा थांबला आणि म्हणाला, "मालकीणबाईंना कळता कामा नये."

मालकीणबाई म्हणजे जुन्या मालकांची मुलगी. आमच्यासमोर लहानाची मोठी झाली, दादाला काका म्हणते, मला मावशी. वाईट नाही ती. पण तिच्या वडिलांच्या वेळी मशीनवाल्याचं बोट चेचलं होतं, डोळे अधू झालेले लपवले होते त्याने. तेव्हापासून नियम असा की नजर कमी झालेला माणूस छापखान्यात उभा राहणार नाही. नियम चुकीचा आहे असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

"केस गेली तर दिवसभर करू काय मी?" दादा म्हणाला. "बटणं निवडू?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं, आणि लागलो कामाला. मजकूर मी वाचायची, तो जुळवायचा. कुणी विचारलं तर चष्म्याचा नंबर बदललाय. प्रूफंही मीच तपासायची. एकच गोष्ट अवघड होती. छापून झालं की पान सोडावं लागतं, म्हणजे प्रत्येक खिळा परत आपापल्या खणात टाकायचा. त्यासाठी अक्षर वाचता यायला हवं. दादाने त्यावर आपली तोड काढली. जे जुळवलं ते त्याला तोंडपाठ असायचं. ओळ हातात घेऊन तो पुटपुटायचा आणि त्या क्रमाने खिळे टाकत जायचा. दोन वर्षांत एकदाही चुकला नाही. मी चोरून तपासायची. चुकला असता तर मी बोलल्याशिवाय राहिले नसते, माझ्या नाकावरच राग असतो.

चूक शेवटी माझ्या हातून झाली.

एका गाण्याच्या शाळेचं पत्रक होतं. दादाने जुळवलं, दोऱ्याने बांधून गॅलीवर, म्हणजे पत्र्याच्या तबकात, ठेवलं आणि दाढ काढायला गेला. दुपारी गाण्याचे मास्तर धापा टाकत आले. शाळेच्या वेळा बदलल्या होत्या, चार ओळी बदलून हव्या होत्या, आणि आजच्या आज. मलाही थोडंफार जुळवता येतं, एवढी वर्षं काय झोपा काढल्या? दुसऱ्या केसमधले त्याच टाइपाचे खिळे घेतले, चार ओळींच्या जागी चार ओळी बसवल्या. पान होतं तसंच दिसायला लागलं. छापून झालं, मी दुमडून दिलं, मास्तर गेले. दादा सुजलेलं तोंड घेऊन आला तेव्हा त्याला बोलवतही नव्हतं. म्हटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा गॅली रिकामी होती. त्याला सकाळी लवकर येऊन पान सोडायची घाई. पायाला भिंगरी ना.

पाठ असलेल्या जुन्या ओळींच्याच क्रमाने त्याने पान सोडलं होतं. चार ओळींचे शंभरेक खिळे भलत्याच खणांत गेले होते, आणि ज्याचा हात खणाकडे न बघता जातो त्याला ते कधीच कळणार नव्हतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण दादा स्वतःच म्हणाला, "काल त्या पानात काहीतरी खटकलं गं. एका ओळीला दोन खिळे उरले. असं कधी होत नाही माझं."

आणि मी, शहाणी, काय म्हणाले? "वय झालं तुझं."

तो दिवसभर त्याच ओळी पुटपुटत येरझाऱ्या घालत राहिला. मी शिवताना तीनदा सुई टोचून घेतली. पुढचे चार दिवस तो चहाला गेला की मी केसवर झडप घालायची, खण उपसायची, चुकीचे खिळे शोधायची. नशिबाने त्या दिवसांत फक्त जाहिरातींच्या मोठ्या पाट्यांचं काम होतं, लाकडी ठशांचं. ते ठसे वीतभर उंच, बोटं फिरवून तो ओळखायचा. तेवढ्यात केस साफ करून टाकीन असा माझा हिशेब. सापडले तीस-पस्तीस खिळे. सांगावं तर आता चार दिवस का लपवलंस म्हणेल. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय नाही मला, पण तेव्हा लपवलं खरं.

पाचव्या दिवशी मालकीणबाई एका गिऱ्हाइकाला घेऊन आल्या. गिऱ्हाइकाला हाताने जुळवलेलीच निमंत्रणपत्रिका हवी होती, आणि जुळवणी डोळ्यांनी बघायची होती. मी म्हटलं, आज नको, धूळ आहे केसमध्ये. मालकीणबाई म्हणाल्या, "मावशी, काकांना धुळीचं काय?"

दादा खुलला. त्याला कुणी बघायला आलं की तो लहान होतो. वरचं नाव लाकडी ठशांत बसवलं, मग मी वाचत गेले आणि त्याने खाली सहा ओळी जुळवल्या. मी मुद्दाम अडखळत वाचत होते. तो हसून म्हणाला, "आज हिचीच गाडी अडलीय." गिऱ्हाइक भारावून बघत होतं.

मशीनवाल्याने प्रूफ काढलं. वरचं नाव ठसठशीत आलं होतं. खालच्या सहा ओळींत मात्र दर दुसऱ्या शब्दात एखादं भलतंच अक्षर घुसलेलं. मालकीणबाईंनी ते पाहिलं आणि कागद दादाच्या हातात दिला. त्यांना वाटलं असेल, तो बघून कपाळावर हात मारेल.

दादाने कागद पालथा केला, मागून बोट फिरवलं आणि म्हणाला, "दाब किंचित जास्त पडलाय. बाकी स्वच्छ."

गिऱ्हाइक एकदा कागदाकडे, एकदा दादाकडे बघायला लागलं.

"काका," मालकीणबाई हळूच म्हणाल्या, "पहिली ओळ वाचता जरा?"

"चूक माझी आहे," मी मध्येच म्हणाले. "गेल्या वेळचं पान मीच सोडलं होतं. माझ्यामुळे केस बिघडली."

"माझ्या केसवर ती पान सोडत नाही," दादा म्हणाला. त्याने कागद नीट दुमडून मालकीणबाईंना परत दिला. "मला दिसत नाही, बाई. दोन वर्षं झाली."

मालकीणबाई गिऱ्हाइकाला घेऊन बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "दोघं मिळून आधी केस साफ करा. एकेक खण बघा. साफ झाली की आपण बोलू."

शाईचे हात धुताना मी दादाला चार ओळींचं सगळं सांगितलं. आता हा मला फाडून खाणार, म्हणून नळ तसाच वाहता ठेवून उभी राहिले.

"म्हणजे पाठ होतं मला," तो म्हणाला. "सगळं बरोबर पाठ होतं?"

"हो."

"पाच दिवस वाटत होतं, डोळे गेले, आता डोकंही चाललं." आणि चक्क हसला. मला रडू आलं. इतकं रडू आई गेली तेव्हाही आलं नव्हतं. चार शब्द सांगितले असते तर ना त्याचे ते पाच दिवस गेले असते, ना ती केस.

मग आम्ही बसलो. खण उपडा करायचा, मी खिळा बघून अक्षर सांगायचं, त्याच्या हातात द्यायचा, त्याने योग्य खणात टाकायचा. आठ दिवस चाललं. तो एकदाही येरझाऱ्या घालायला उठला नाही.

आठव्या दिवशी दुपारी त्याने विचारलं, "किती राहिले?"

"मूठभर. तासाभराचं काम."

"म्हणजे आज बाई बोलणार," तो म्हणाला. मी पुढचं अक्षर सांगितलं, खिळा दिला. त्याचा हात बरोबर खणावर गेला, तिथे थांबला, आणि दोन घरं पलीकडे सरकून त्याने खिळा सोडला. माझ्या भावाने, ज्याने चाळीस वर्षांत केसमध्ये एक खिळा चुकू दिला नव्हता. मी दुसरा दिला. तोही त्याने भलतीकडेच टाकला, आणि मग आधीच साफ केलेल्या खणातून चिमूटभर उचलून शेजारच्या खणात टाकले.

मी बोलायला तोंड उघडलं होतं. मिटलं, आणि पुढचं अक्षर सांगितलं.

दारातून मालकीणबाईंनी विचारलं, "मावशी, होत आलं का?"

"कुठलं हो," मी म्हटलं. "बरंच आहे अजून."